गल्लीत कोणाची चूल आधी विझते, हे वहीत मांडायचं कसं

मागच्या महिन्यात आमच्या नागपुरातल्या इंदोरा वस्तीकडे तीन-चार पोट्टे वही-पेन घेऊन आले, सर्वे करायचा आहे म्हणे, कोण गरीब आहे ते पाहायचं आहे, आणि पहिल्याच घरी पहिलाच प्रश्न काय विचारला तर महिन्याचं उत्पन्न किती. मी म्हटलं बाबू, आधी बस, पाणी पी. कारण हीच चूक मी स्वतः केली होती, नागपूरच्या दोन अख्ख्या उन्हाळ्यात केली होती, घरोघरी फिरून आकडे गोळा केले आणि शेवटी हाती काय आलं तर सगळ्यांचं उत्पन्न आठ ते बारा हजार. म्हणजे सगळे सारखे. आणि पुढच्या दोन वर्षांत त्यातली काही घरं पार बसली, काही नीट उभी राहिली, आणि माझ्या वहीत त्याचा कुठे पत्ता नव्हता. म्हणून आता काय करते ते सांगून राहिली, ज्यांना आपल्या वस्तीत हे करायचं आहे त्यांनी घ्या.

मुद्दा एवढाच की पैसा किती येतो हे विचारू नका, काय काय कोणाच्या नावावर आहे ते विचारा. दोन घरं धरा, दोन्हीत बारा हजारच येतात. एकात घराचा पट्टा, म्हणजे जागेच्या हक्काचा कागद, दोघांच्या नावाने आहे, बाईचं स्वतःचं खातं आहे, तिच्याकडे तिचा जातीचा दाखला आहे. दुसऱ्यात घर सासऱ्याच्या नावावर, ई-रिक्षा नवऱ्याच्या नावावर, रेशन कार्डावर प्रमुख सासू, आणि बाईच्या नावावर काय आहे? गटाचं कर्ज. दर आठवड्याचा हप्ता. आज दोन्ही घरं सारखी दिसतात, पण ज्या दिवशी रिक्षावाला आजारी पडते किंवा सोडून जाते किंवा मरते, त्या दिवसापासून दुसरं घर तीन महिन्यांत मोकळं होते.

आता जात आणि बाईपण एकत्र काहून बघायचं, वेगवेगळं पाहिलं तर काय बिघडते, याची एक गोष्ट अमेरिकेतली आहे, मला ती फार आवडते कारण ऐकल्यावर कोणालाही समजते. जनरल मोटर्समध्ये १९६४ च्या आधी काळ्या बायकांना कामावर घेतच नव्हते. पुढे घेतलं, मग १९७० च्या दशकात मंदी आली आणि कंपनीने शेवटी आलेल्यांना आधी काढलं, म्हणजे अर्थातच काळ्या बाया गेल्या. पाच जणी कोर्टात गेल्या. १९७६ मध्ये कोर्ट काय म्हणालं? कंपनीत बाया आहेत (त्या गोऱ्या होत्या, ऑफिसात), म्हणजे बाई म्हणून भेदभाव नाही. काळे लोक पण आहेत (ते पुरुष होते, कारखान्यात), तर रंगावरून होतो का ते वेगळ्या खटल्यात पाहा, पण काळी बाई म्हणून वेगळा कप्पा आम्ही उघडणार नाही. बस, संपलं. दोन रकान्यांच्या मधोमध त्या पाच जणी पडल्या आणि कोणालाच दिसल्या नाहीत. किंबर्ली क्रेनशॉ नावाच्या कायद्याच्या प्राध्यापिकेने १९८९ मध्ये याच खटल्यावरून ‘इंटरसेक्शनॅलिटी’ हा शब्द आणला. शब्द जड आहे, विसरून गेलात तरी चालते, फक्त दोन रकान्यांच्या मधली जागा लक्षात ठेवा.

आपल्याकडे वंशाच्या जागी जात घाला. संयुक्त राष्ट्रांच्या २०२१ च्या बहुआयामी गरिबीच्या (म्हणजे नुसता पैसा नाही, तब्येत, शिक्षण, राहणीमान पाहून मोजलेल्या) अहवालात भारताचे आकडे आहेत, २०१५-१६ च्या सर्वेवरून काढलेले, त्यात आदिवासींमध्ये ५०.६ टक्के लोक गरीब, अनुसूचित जातींमध्ये ३३.३, ओबीसीत २७.२ आणि बाकीच्यांत १५.६. भारतातल्या दर सहा गरिबांपैकी पाच याच तीन गटांतल्या घरातले. हे झालं जातीचं. पण त्या घराच्या आत कोणाच्या ताटात काय पडते ते या आकड्यात दिसत नाही, ते आपल्याला दारात बसून बघावं लागते.

तर वही. दोनशे पानी घ्या, जाड पुठ्ठ्याची. एका गल्लीतली तीस घरं पुरे झाली, शंभर घ्याल तर अर्ध्यात सोडाल. एका घराला आडवी दोन पानं. नावं लिहू नका, घर १, घर २ असं लिहा आणि नावांची यादी वेगळ्या कागदावर, घरी डब्यात. आधारचे फोटो मोबाईलवर मागवू नका, कोणाचं आधार कुठे फिरते काही नेम नसते बाप्पा. आणि दोघी जा. एक जण गेली की बाई सासूसमोर बोलत नाही, दोघी गेल्या की एक जण सासूशी बोलत बसते आणि दुसरी सुनेजवळ चुलीपाशी जाऊन बसते. हा सगळ्यात कामाचा नुस्का आहे. पुरुषाने पुरुषाला विचारून लिहिलेली वही मला दाखवूच नका.

वेळ दुपारी दोन ते चार. सकाळी बाया कामावर, संध्याकाळी नळ. उन्हाळ्यात करायचं असेल तर करू नका.

जात कशी विचारायची हा प्रश्न सगळे विचारतात. नागपुरात ‘पूर्ण नाव काय तुमचं’ म्हणणं म्हणजे जात विचारणंच असते, समोरच्याला ते बरोबर कळते आणि तो आक्रसतो. त्यापेक्षा सरळ सांगा, काकू, दाखल्याची अडचण आहे का ते लिहून राहिलो, तुमच्याकडे जातीचा दाखला आहे का, असेल तर त्यावर काय लिहिलं आहे. आणि जे सांगतील ते तसंच लिहा. गोळीबार चौकाकडे विणकरांच्या घरी गेलात तर हलबा म्हणतील, २००० सालच्या सुप्रीम कोर्टाच्या निकालाने हलबा-कोष्टी अनुसूचित जमातीत बसत नाहीत, हातमाग बसला आणि वर दाखलाही गेला, तो वाद तिथल्या दारात तुम्ही सोडवायला गेलेले नाही. वहीत त्यांचा शब्द.

पहिला रकाना घराचा. जागा कोणाची आहे, मनपाची, नासुप्रची (नागपूर सुधार प्रन्यास), नझूलची म्हणजे सरकारी, की खाजगी, आणि पट्टा किंवा घरटॅक्सची पावती कोणाच्या नावाने. बाईचं नाव आहे का, फक्त हो की नाही. इथेच माहेरचं पण विचारून घ्या, माहेरी घर-शेत होतं का आणि हक्कसोड पत्रावर सही केली का. महाराष्ट्रात लेकीला वडिलोपार्जित इस्टेटीत बरोबरीचा हक्क १९९४ पासून आहे, देशभरात २००५ पासून, बौद्धांनाही हाच वारसा कायदा लागू आहे. तरी दहातल्या आठ जणी मला सांगतात, केली ना ताई सही, भावाने मोटरसायकलवर नेलं, साडी घेऊन दिली. रागावू नका तिच्यावर. फक्त लिहा.

दुसरा रकाना कामाचा आणि इथे फसगत सगळ्यात जास्त होते. नवरा दारातूनच सांगते, ती काही करत नाही, घरीच असते, आणि ती मागच्या खोलीत सूप घेऊन बसलेली असते. म्हणून ‘काम काय करता’ असं विचारायचंच नाही. ‘माय, काल सकाळी उठल्यापासून काय काय केलं ते सांग’ असं विचारायचं. मग निघते, पाच वाजता पाणी, सात वाजता दोन घरची भांडी, दुपारी सासूचं पथ्यपाणी, मिरचीचा सीझन असला की सातऱ्यावर, म्हणजे मिरची निवडायच्या आवारात, देठ खुडायला, किलोवर पैसे, रात्री डोळे आणि हात जळतात तरी पोळ्या लाटायच्याच. कामठीकडे विड्या असतील तर हजारावर भाव. हे सगळं काम नगावर आणि वजनावर, म्हणजे पगाराची चिठ्ठी नाही, पीएफ नाही, सुट्टी घेतली की पैसे बंद. बांधकामावर पाहा, बांधकाम कामगार मंडळात नोंदणीला वय १८ ते ६० आणि वर्षभरात ९० दिवस काम केल्याचं प्रमाणपत्र लागते, ठेकेदार मिस्त्रीला सही देते आणि त्याच्याच हाताखाली घमेलं वाहणाऱ्या रेजाला म्हणते तुझं काय, तू तर नवऱ्यासोबत आली होती.

हे आजचंच नाही हं. जुलै १९४२ मध्ये नागपुरात दलित महिलांची मोठी परिषद झाली, अध्यक्ष सुलोचनाबाई डोंगरे, बाबासाहेब स्वतः हजर होते, वीसेक हजारांच्या वर बाया आल्या होत्या असं सांगतात. त्यात गिरणीतल्या, विडीच्या, रेल्वेतल्या, म्युनिसिपालटीतल्या बायांसाठी भरपगारी रजा, दुखापत झाली तर भरपाई आणि पेन्शन मागितली होती. माझी आजी त्या पिढीतली. वहीचा हा रकाना भरताना मला दरवेळी वाटते की तेव्हाचीच यादी आपण परत लिहून राहिलो.

तिसरा रकाना जातीच्या दाखल्याचा. इथे वेळ द्या, कारण जात आणि बाईपण एकमेकांत कसं अडकते ते कागदावर स्पष्ट इथेच दिसते.

नियम असा की अनुसूचित जातीला १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा पुरावा, जमातीला ६ सप्टेंबर १९५०, भटक्या-विमुक्तांना २१ नोव्हेंबर १९६१, ओबीसींना १३ ऑक्टोबर १९६७. म्हणजे आजोबा-पणजोबा कुठे राहत होते आणि शाळेत त्यांची जात काय लिहिली. आता बाईची जात जन्माची, लग्नाने बदलत नाही, म्हणून तिचा दाखला माहेरच्या कागदावर. वडिलांची टीसी, आजोबांचा दाखलखारीज (शाळेच्या रजिस्टरातला उतारा), काकांची किंवा भावाची व्हॅलिडिटी, म्हणजे जात पडताळणीचं प्रमाणपत्र. हे सगळं भावाच्या कपाटात. ज्या बाईने हक्कसोडवर सही दिली नाही तिला भाऊ कागद काहून देईल? आणि जी वीस वर्षं माहेरी गेलीच नाही, आंतरजातीय लग्न केलं म्हणून किंवा नुसती भाड्याला पैसे नाही म्हणून, तिने कोणाला फोन करायचा? वर वंशावळीचं शपथपत्र करायला बसलो की तिथे पणजोबा, आजोबा, वडील, भाऊ, पुतण्या, आणि जिच्यासाठी अर्ज करून राहिलो ती बाई सगळ्यात खाली एका कोपऱ्यात.

मग नावाचा घोळ. टीसीवर लग्नाआधीचं नाव, आधारवर सासरचं. हे जोडायला विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा राजपत्रातली नाव बदलाची नोंद लागते. लग्न गावात बुद्धविहारात झालेलं, नोंदणी कोणी केली नाही. तर वहीत या रकान्यात चार छोटे चौकोन करा, माहेरची टीसी, १९५० च्या आधीचा पुरावा (जात वेगळी असेल तर तिची तारीख), रक्ताच्या नातेवाईकाची व्हॅलिडिटी, नाव जोडणारा कागद. ज्या चौकोनात फुली पडेल तिथून काम सुरू. माझा अनुभव असा की भावाला फोन बाईने करू नये, तिच्या शाळेत जावं. जुन्या झेडपी शाळेत दाखलखारीज रजिस्टर असते, अर्ज दिला की उतारा मिळते, आणि शाळेला कोणाच्या भांडणाशी घेणंदेणं नसते.

एकटीने वाढवलेल्या लेकरांचं वेगळं. बाप दुसऱ्या जातीचा आणि सोडून गेला, आई आदिवासी किंवा दलित, अशा वेळी खिडकीवर सांगतात बापाचे कागद आणा. २०१२ मध्ये गुजरातच्या एका खटल्यात सुप्रीम कोर्टाने म्हटलं आहे की बापाची जात हा फक्त अंदाज झाला, मूल आईच्या समाजात वाढलं आणि तेच हाल त्याने सोसले हे दाखवता येते. रमेशभाई नायका प्रकरण म्हणून वकिलाला सांगा. सोपं नाही हे, पण ‘होतच नाही’ असं कोणी म्हटलं तर ते खोटं आहे.

आणि छत्तीसगडहून आलेल्या घरांना खोटी आशा दाखवू नका. तिकडचा दाखला इथल्या सवलतीला चालत नाही, पिढी इथे वाढली तरी त्या तारखांचा पुरावा तिकडचाच निघते. त्यांच्या रकान्यात सरळ ‘परराज्य’ लिहा आणि जातीचा दाखला न लागणाऱ्या योजनांकडे वळा.

चौथा रकाना म्हणजे एकच प्रश्न, घरातला माणूस उद्या नसला तर? असा तोंडावर विचारायचा नाही अर्थात. ‘भाऊ मागे आजारी होते तेव्हा कसं भागवलं’ असं विचारा, सगळं निघते, मंगळसूत्र गहाण पडलं की पोरीची शाळा सुटली की गटाकडून अजून एक कर्ज उचललं. पोरीची शाळा सुटली असेल तर लाल पेनने लिहा.

आजारपणात विदर्भासाठी एक गोष्ट मुद्दाम विचारा, सिकलसेल, म्हणजे आई-बापाकडून येणारा रक्ताचा आजार. आपल्याकडे तो बौद्ध आणि आदिवासी घरांमध्ये जास्त आहे. आई-बाप दोघं वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात पंचवीस टक्के शक्यता मूल आजारी निघायची, दोघांचाही वाटा सारखा, पण बोल कोणाला लागतो? बाईला. हिच्या माहेरून आलं म्हणतात आणि आणून सोडतात परत. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात सिकलसेल आहे, म्हणजे यूडीआयडी कार्डसाठी (दिव्यांगांचं ओळखपत्र) अर्ज करता येतो, आणि संजय गांधी निराधार योजनेच्या यादीत पण सिकलसेलग्रस्त आहेत. हे अर्ध्या घरांना माहीतच नसते.

झाली वही भरून. आता वाचताना परत ती जनरल मोटर्सवाली चूक करू नका. समजा तीस घरांपैकी दहा घरी जातीचा दाखला नाही, आणि बारा घरी बाईचं नाव कुठेच नाही. दोन वेगळ्या बेरजा मांडून मोकळे होऊ नका. दोन्ही फुल्या एकाच घरावर कुठे पडल्या ते शोधा. ती पाच-सहा घरं निघतील, त्यांच्यावर गोल करा, आधी तिथे जा. पगार त्यांचा कदाचित शेजाऱ्यापेक्षा जास्त असेल, असू द्या.

गोल केलेल्या घरात काय करायचं, तर कागदांचा क्रम महत्त्वाचा आहे. विधवा असेल तर आधी मृत्यू प्रमाणपत्र, मनपाच्या झोन ऑफिसमध्ये, नोंद २१ दिवसांत झाली असेल तर अडचण नाही, वर्ष उलटलं असेल तर आदेश आणावा लागते. कमावत्याचं वय १८ ते ५९ असेल आणि घर दारिद्र्यरेषेच्या यादीत असेल तर कुटुंब लाभ योजनेचे एकरकमी २०,००० आहेत, ते मागायचं लोक दुःखात विसरतात. मग रेशन कार्ड. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याप्रमाणे कार्डावर घरातली मोठी बाई कुटुंबप्रमुख असते, चांगलं आहे, पण मोठी बाई म्हणजे सासू, आणि सुनेला वेगळं व्हायचं असेल तर नाव कमी केल्याचा दाखला सासूच्या कार्डावरून निघणार. म्हणून भांडण पेटायच्या आधी हे काम करा. नंतर उत्पन्नाचा दाखला, मग संजय गांधीचा अर्ज, महिन्याला १,५०० आणि उत्पन्नाची अट वर्षाला २१,०००. जरा हिशेब करा, दोन घरची भांडी हजार-हजाराने घासली तरी वर्षाचे २४,००० झाले. म्हणजे जी बाई हातपाय हलवते ती बाद. ही अट कोणत्या जमान्यात ठरली देव जाणे. लाडकी बहीण २०२४ पासून आहे, तिथे अट अडीच लाखाची, वय २१ ते ६५, रक्कम तेवढीच १,५००, पण दोन्ही एकत्र मिळत नाही, कोणतं टिकेल ते पाहून घ्या. लेकरं अठराच्या आतली असतील तर बालसंगोपन योजना बघा, दर मुलामागे महिन्याला २,२५०, अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात. मला विचाराल तर दोन लेकरांच्या एकट्या बाईसाठी हीच सगळ्यात कामाची, आणि हिचंच नाव कोणी घेत नाही.

सोडून दिलेल्या बाईचं मात्र खरंच अवघड आहे. विधवेकडे निदान एक कागद असतो. हिच्याकडे काय? नवरा जिवंत, फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर दुसरीसोबत, आणि कागदावर ती सौभाग्यवती. आमच्या एकीला एका खिडकीवर म्हटलं, नवऱ्याची सही आणा की त्याने सोडलं म्हणून. हसावं की रडावं. यात कागद तयार करावा लागते, म्हणजे पोटगीचा अर्ज किंवा कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखाली अर्ज, तो दाखल झाला की त्याचा नंबर हाच तुमचा पुरावा. वकिलाच्या पैशाला घाबरू नका, जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट वकील मिळते, बाई असली किंवा अनुसूचित जाती-जमातीची असली तर उत्पन्नाची अटच नाही. दोन्ही असली तर मग काय, एवढ्या एका ठिकाणी तरी दोन रकाने तिच्या बाजूने.

जाताना एका खेपेला एकाच बाईचं काम घ्या. पाच जणींना घेऊन तहसीलला गेलं की एकीचा फोटो राहते, एकीची झेरॉक्स, दुसरीचं लेकरू रडते, आणि सगळ्यांचीच मजुरी बुडते. तिची त्या दिवसाची मजुरी किती ते पण वहीत लिहा, दाखल्याला लागलेल्या खऱ्या खर्चात ती धरायची.

सहा महिन्यांनी तीच वही घेऊन त्याच तीस घरी परत जा, दिवाळीनंतर गेलात तर बाया माहेरून परतलेल्या असतात, टीसी पण सापडलेली असते कधी कधी. दुसऱ्यांदा हिरव्या पेनने लिहा, म्हणजे कोणत्या चौकोनातली फुली गेली आणि कुठे नवीन पडली ते पान उलटल्याबरोबर दिसते.